वसावे मॅडम आणि न उतरणारी रेघ

आमच्या हॉस्पिटलच्या दारातल्या पाटीवर वसावे मॅडमचं नाव सगळ्यात खाली होतं, औषधांच्या दुकानाच्या वेळांच्याही खाली. रोज सकाळी आत शिरताना त्या पाटीसमोर थांबायच्या. आपलं नाव अजून आहे ना, याची खात्री करत असतील असं मला सुरुवातीला वाटलं. नंतर कळलं, त्या मोठ्या डॉक्टरांच्या नावापुढे एखादी पदवी वाढली आहे का ते बघायच्या. वाढली असली की दिवसभर खुशीत. "शिकतोय माणूस," म्हणायच्या, "सगळं शिकून झालं की बायकांचं ऐकायलाही शिकेल."

मोठे डॉक्टर म्हणजे नंदुरबारातल्या त्या हॉस्पिटलचे मालक, बायकांचे डॉक्टर. मॅडम तिथल्या फिजिओथेरपिस्ट. आणि मी त्यांच्या हाताखाली, नुकतीच पदवी घेऊन पहिल्या नोकरीला लागलेली. माझं नाव त्यांनी कधीच घेतलं नाही. शाळेचं माध्यम विचारून घेतलं आणि त्या दिवसापासून मला 'कॉन्व्हेंट' म्हणायला लागल्या.

मॅडम पन्नाशीच्या, बुटक्या, रुंद. साडीखाली पांढरे बूट आणि मनगटावर पुरुषी घड्याळ. डोंगरातल्या मोलगीच्याही वरच्या एका पाड्यातून आलेल्या. घरच्यांशी फोनवर भिली बोलायच्या, पेशंटशी अहिराणी, आणि शुद्ध मराठी त्यांनी भांडणासाठी राखून ठेवली होती. 'आपण' हा शब्द त्यांच्या तोंडून आला की समोरच्याने खुर्ची थोडी मागे सरकवावी. कोणी चुकून 'मालिशवाली बाई' म्हटलं तर त्या त्याला बसवून स्वतःच्या शिक्षणाचा इतिहास सांगायच्या, आणि तो संपेपर्यंत त्या माणसाची कंबर खरोखर दुखायला लागायची. उलट मोलगीच्या बाजारात गेल्या की सगळे त्यांना 'डॉक्टरीण' म्हणायचे. ती चूक त्यांनी कधी दुरुस्त केल्याचं मी ऐकलं नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, आपण इथे काय तपासतो. मी म्हटलं, पेल्विक फ्लोअर. त्या म्हणाल्या, हेच आता तळोद्याहून आलेल्या बाईला सांग.  शरीराच्या मधल्या भागाचे मराठी शब्द मला शाळेत कोणी शिकवले नव्हते; जे माहीत होते ते रस्त्यावरच्या भांडणांत ऐकलेले होते. मग दुपारभर त्यांनी मला शब्द मोठ्याने म्हणायला लावले. लघवी. पाळी. अंगावरून जाणं. संबंध. खिडकीबाहेर औषधांच्या दुकानातला माणूस गोळ्या मोजायचा थांबला होता.

"इंग्रजीत लाज वाटत नाही ना?" मॅडम म्हणाल्या. "पण बायांचं दुखणं इंग्रजीत नसतं, कॉन्व्हेंट."

पेल्विक फ्लोअरला त्यांनी स्वतःचा शब्द केला होता, झोळी. पोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी बांधलेली असते, पोर निजवायला बांधतात तशी, असं त्या सांगायच्या. लघवीची पिशवी, गर्भपिशवी, आतडं, सगळ्यांचा भार तिच्यावर. झोळी आवळताही आली पाहिजे आणि सैल सोडताही. काही बायकांची झोळी सैल सुटतच नाही; वर्षानुवर्षं मूठ मिटून ठेवावी तशी. मग ओटीपोट दुखतं, बसलं तरी दुखतं, लघवीला जळजळतं, नवरा जवळ आला की दुखतं, आणि सोनोग्राफीत काही दिसत नाही. सोनोग्राफीत न दिसणारं दुखणं आमच्याकडे बाईच्या मनात असतं. मनात सापडलं नाही तर ते गर्भपिशवीत असतं, कारण पिशवी काढता येते.

स्नायूंचं काम मोजणारं यंत्र मोठ्या डॉक्टरांनी एका परिषदेहून परतल्यावर घेतलं होतं. फीत कापली, पेढे वाटले, फोटो छापून आला. मग ते चालवायचं कसं हे कोणालाच माहीत नसल्यामुळे खोक्यात ठेवलं. मॅडमनी ते खोक्यातून काढलं आणि आधी स्वतःच्या पोटरीला लावलं, मग मानेला, मग जबड्याला. जबड्याची रेघ खाली येत नाही म्हणून त्यांनी यंत्रात बिघाड असल्याची तक्रारही केली होती, असं नर्स सांगायच्या.

स्नायू आवळला की अगदी बारीक वीज निर्माण होते. त्वचेवर चिकटवलेल्या छोट्या पट्ट्या ती टिपतात आणि यंत्राच्या पडद्यावर रेघ उमटते. खोलीतल्या कापडी पडद्याआड बाईला निजवायचं, चादर पांघरायची, पट्ट्या चिकटवायच्या, हे काम माझं. मग मॅडम म्हणायच्या, आवळ, रेघ वर. म्हणायच्या, सोड, रेघ खाली यायला हवी. येते का आणि आली तर किती रेंगाळून येते, हे बघायचं. जिची रेघ सरळ खाली यायची तिला त्या मोठ्या डॉक्टरांकडे परत पाठवायच्या: हिचं दुखणं झोळीचं दिसत नाही, दुसरं काही शोधा. यंत्र रोगाचं नाव सांगत नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. "बाई खोटं बोलत नाही, एवढंच सांगतं ते," म्हणायच्या. "तेवढं सांगायलाही वीज लागते आपल्याकडे."

तरी यंत्राचा त्यांना गर्व होता. त्याला त्यांनी क्रोशाचं झाकण विणलं होतं, पूर्वी टीव्हीला असायचं तसं. पाहुण्यांना ते दाखवायला मोठे डॉक्टर आले की त्या यंत्रापुढे अशा उभ्या राहायच्या की पाहुण्यांना फक्त मॅडम दिसाव्यात.

एकदा एक सरकारी साहेब बायकोला घेऊन आले. बायको पडद्याआड निजलेली, आणि साहेब बाहेर मॅडमना समजावत होते की हिला काहीच झालेलं नाही, कामाचा कंटाळा आहे, तसं एकदा लिहून दिलंत तर बरं. मॅडमनी 'आपण बसावं' म्हटलं. साहेब बसले, त्यांना तो मान वाटला. मॅडमनी त्यांच्या खांद्याला पट्ट्या चिकटवल्या आणि खांदा सैल सोडायला सांगितलं. रेघ हलली नाही. अजून सोडा, म्हणाल्या. साहेबांनी डोळे मिटले, जोर लावून सैल व्हायचा प्रयत्न केला, आणि रेघ आणखी वर गेली.

मॅडमनी त्या रेघेवर बोट ठेवलं. मग अहिराणीत, अगदी सहानुभूतीने म्हणाल्या, "साहेब, तुम्हनी बी पिशवी काढनी पडी."

पडद्याआडून हसू आलं. ती बाई आल्यापासून एक शब्दही बोलली नव्हती. साहेबांनी लिहून मागणं सोडलं, पण पुढच्या वेळी बायकोला पाठवलंही नाही. मॅडमच्या विनोदांचा हिशेब बहुतेक वेळा असाच लागायचा: हसू त्यांना आणि पेशंट कोणालाच नाही. हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, आणि जीभ तरीही आवरत नव्हती.

मोलगीला शिबिर होतं तेव्हा यंत्र त्यांनी जीपमध्ये मांडीवर घेतलं होतं, झाकणासकट. वळणांवर मला सांगत होत्या की तू पडलीस तरी चालेल. बाजाराचा दिवस होता. बायका आल्या, पण त्यांना इंजेक्शन हवं होतं. पट्ट्या लावून नुसतं निजायचं आणि उठून घरी जायचं, हा त्यांना शहरी चेष्टेचा प्रकार वाटला. शेवटी मॅडमच्या नात्यातली एक म्हातारी लाजेकाजेस्तव आडवी झाली. तिची रेघ पाहून मॅडम हरखल्या. पडद्याच्या तळाशी, सपाट, एकही ओरखडा नाही. इतकी सैल झोळी त्यांनी कधी पाहिली नव्हती. त्यांनी कागदावर रेघ छापून घेतली, चौकट करून खोलीत लावली आणि पुढे येणाऱ्या प्रत्येक बाईला दाखवली: अशी पाहिजे, निवांत.

म्हातारी घोरत होती, हे आम्हा दोघींनाही ऐकू आलं होतं. पुढे एकदा मी दबकत तसं बोलून दाखवलं. मॅडम म्हणाल्या, "मग? जिल्ह्यात एक बाई निवांत सापडली, ती झोपलेली निघाली. त्यात म्हातारीचा काय दोष?"

ज्योत्स्नाबेन आली ते मिरचीचे दिवस होते. गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर ओली मिरची वाळत पडली की वारा वळेल तसं सगळं नंदुरबार ठसकतं. ती सारंगखेड्याच्या पुढच्या एका गुजर घरातली, केळीच्या बागा असलेल्या. तिशी ओलांडलेली, दोन मुलं. धाकट्याच्या वेळेपासून ओटीपोट दुखत होतं. मोठ्या डॉक्टरांनी पिशवी थोडी जाड असल्याचं सांगून शुक्रवारी काढायचं ठरवलं होतं. ऑपरेशनआधी व्यायाम समजावून घ्यायला बायकांना आमच्याकडे पाठवत. मॅडम त्यांना व्यायाम शिकवण्याआधी, कोणाला न विचारता, यंत्र लावत.

ज्योत्स्नाबेनच्या घरात सासूची पिशवी काढलेली, दोन्ही जावांची काढलेली. थोरली जाऊ सोबत आली होती. मॅडमनी तिला विचारलं, काढल्यावर दुखणं थांबलं का.

"दुखस आजून," जाऊ म्हणाली. "पन आते कोनी ईचारत नही."

मी पडद्याआड पट्ट्या चिकटवत होते. ज्योत्स्नाबेन छताकडे बघत होती. छतालाच सांगावं तशी, ओठ न हलवता म्हणाली, "माले नही काढनी." मग लगेच बाहेरचा कानोसा घेतला. हे वाक्य तिने घरात कोणाला म्हटलं नव्हतं, आणि म्हणणारही नव्हती. मी मॅडमना सांगितलं. मॅडमनी पहिल्यांदाच काही टोमणा मारला नाही.

नुसतं निजलेली असतानाही तिची रेघ उंचावर होती, एखादी बाई टाचा उचलून उभी राहावी तशी. हळूहळू, श्वास सोडत सोडत, ती थोडी उतरली. बाहेरच्या बाकावर सगळेच ठसकत होते, मिरचीने. रेघेला त्याचं काही नव्हतं. मग एकदम ती उसळून पडद्याच्या वरच्या टोकाला गेली. पट्टी सुटली असेल म्हणून मॅडम माझ्यावर ओरडल्या. मी पट्टी नव्याने चिकटवली. रेघ उतरली, आणि थोड्या वेळाने पुन्हा तशीच उसळली. मी आत पाहिलं तर ज्योत्स्नाबेन कोपरावर अर्धी उठलेली, आणि हात डोक्याशी, पदर शोधत.

काय झालं, मॅडमनी विचारलं.

"आबा खाकरनात," ती म्हणाली.

आबा म्हणजे तिचे सासरे. ते तिच्या नवऱ्यासोबत बाहेर बाकावर बसले होते. मॅडमना अजून कळलं नव्हतं. त्यांच्या पाड्यात असलं काही नाही. खाकरले, मग काय, त्यांनी विचारलं. ज्योत्स्नाबेनने आमच्याकडे असं पाहिलं, जणू आम्हा दोघींचंच शिक्षण कमी पडलं असावं. मग थोडं थोडं करून सांगितलं. घरातला मोठा माणूस ओसरीवर पाय ठेवण्याआधी खाकरतो. तो आवाज आला की सुनेने उठायचं, पदर पुढे ओढायचा, अंग चोरून आत व्हायचं. खाटेवर असो, मोरीत असो, जेवत असो. आबा चांगले होते. कधी न खाकरता घरात शिरले नव्हते.

मॅडमचे डोळे चमकले. मला ती चमक ओळखीची झाली होती आणि तिची भीतीही वाटायची.

त्यांनी ज्योत्स्नाबेनला विचारून घेतलं; तिने मान हलवली. मग पडदा नीट ओढून घेतला, यंत्राचं तोंड बाहेरच्या बाजूला फिरवलं, आणि मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. बाकावरच्या माणसांना एकेक करून खाकरायला सांगितलं. वॉचमन इतक्या उत्साहाने खाकरला की शेजारच्या खोलीतलं बाळ जागं झालं. रेघ जागेवर. ज्योत्स्नाबेनचा नवरा खाकरला. रेघ जरा थरथरली. मग मॅडम म्हणाल्या, आबा, आता तुम्ही. पांढऱ्या टोपीतला तो उंच, संथ माणूस काही न समजता, डॉक्टरीणबाई सांगतात म्हणून खाकरला.

रेघ छताला लागली. आणि खाली येईना.

मोठ्या डॉक्टरांनी मोबाईल काढला आणि आबांना पुन्हा एकदा खाकरायची विनंती केली, व्हिडिओसाठी. फार इंटरेस्टिंग आहे, पुढच्या परिषदेत दाखवता येईल, असं ते म्हणाले. शुक्रवारचं काय, मॅडमनी विचारलं. शुक्रवार आहेच, पिशवी तर काढूच, त्यानंतर तुम्ही हे व्यायामाचं बघा, म्हणजे दोन्ही बाजूंनी उपचार होईल.

आबांच्या मात्र आता लक्षात आलं होतं. ते रेघेकडे बघत होते. न खाकरता, चोरासारखं शिरायचं की काय, असा त्यांना प्रश्न पडला होता. हळू आवाजात म्हणाले, "मंग काय, मन्हाच घरमा चोरना मायक येऊ मी?"

इथे कोणीही शहाण्या माणसाने त्यांना पाणी दिलं असतं. मॅडम शुद्ध मराठीत म्हणाल्या, "चोर आला तर ती ओरडेल तरी. आपण आलात की ती श्वाससुद्धा घेत नाही."

बाकावरच्या बायका खाली बघायला लागल्या. आबा उठले, टोपी नीट केली आणि बाहेर जाऊन उभे राहिले. नवऱ्याने सांगितलं, आम्हाला वाद नको, शुक्रवारी ऑपरेशन करून टाकू. मॅडमनी वाद जिंकला होता आणि शुक्रवार होता तिथेच होता.

पुढचे दिवस त्या माझ्याशीही धड भांडल्या नाहीत. मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत जाऊन आल्या. काय बोलणं झालं ते कळलं नाही, पण त्या 'आपण' न म्हणता बोलत होत्या एवढं दारातून ऐकू आलं. बाहेर आल्या तेव्हा त्यांनी यंत्रावरचं झाकण विनाकारण काढलं आणि परत घातलं. मला म्हणाल्या, म्हाताऱ्याला एकट्याला गाठून सांगायला हवं होतं. मग माझ्या चेहऱ्यावर काही दिसलं असावं, कारण लगेच म्हणाल्या, तू बोलू नको.

शुक्रवारी सकाळी ज्योत्स्नाबेन वॉर्डमध्ये होती, हिरव्या झग्यात. भूल देणारे डॉक्टर धुळ्याहून यायचे, फक्त शुक्रवारी, आणि त्यांचा एकच नियम मोठ्या डॉक्टरांनाही मोडता यायचा नाही: पेशंटचं पोट रिकामं हवं. आदल्या रात्रीपासून तिला पाणीही दिलेलं नव्हतं. जाऊ प्रसाधनगृहात गेली होती, नवरा खाली औषधं आणायला. मी व्यायामाच्या फाईलवर तिची सही घ्यायला आले होते.

मॅडम आल्या आणि समोरच्या रिकाम्या खाटेवर बसल्या. मांडीवर डबा उघडला. ज्वारीची भाकर आणि उडदाची डाळ, लसणाची फोडणी दिलेली. ही वेळ त्यांच्या जेवणाची नव्हती. त्यांनी एक घास घेतला, सावकाश चावला. वॉर्डभर लसणाचा वास पसरला. त्यांनी ज्योत्स्नाबेनला खा म्हटलं नाही. मी तिथेच होते, हे मी शपथेवर सांगू शकते. त्यांनी फक्त विचारलं, "भूक लागनी का व?"

ज्योत्स्नाबेनने दाराकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी फाईलकडे पाहिलं.

"लागनी," ती म्हणाली, आणि हात पुढे केला.

भाकर अर्धी संपल्यावर मॅडमनीच नर्सला हाक मारून सांगितलं, पेशंट जेवलेली आहे, फाईलवर लिहून घ्या, लपवू नका, जिवाचा खेळ आहे. धुळ्याचे डॉक्टर आले, वाचलं, खांदे उडवून पुढच्या पेशंटकडे गेले. मोठे डॉक्टर आले ते आवाज चढवतच. हे काय चाललंय, कोणी दिलं, कोणाच्या परवानगीने. ते मॅडमना म्हणाले, उद्यापासून येऊ नका. नवरा धावत आला आणि बायकोला विचारू लागला की तुला सांगितलं होतं ना. आबा त्याच्या मागे दारात उभे होते. मला वाटलं, आता तेही बोलतील. त्यांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला.

"भूक लागनी, जेवनी," म्हणाले. "आते घर लई जातस आम्ही."

पुढच्या शुक्रवारी ते लोक आले नाहीत. त्यानंतरही नाहीत. आला तो ज्योत्स्नाबेनचा फोन, व्यायामाला कोणत्या वारी यायचं ते विचारायला. तो मी घेतला, कारण मॅडमच्या खुर्चीवर आता मी बसत होते आणि पाटीवरची शेवटची ओळ रंगवून बुजवली गेली होती. मॅडम मोलगीला परत गेल्या असं कोणी म्हणतं, कोणी म्हणतं खापर गावात स्वतःचं दुकान थाटलं. दुकान हा शब्द ऐकला तर त्या सांगणाऱ्याला बसवून घेतील.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या सकाळी, त्या वॉर्डमध्ये. मोठे डॉक्टर अजून बोलत होते. मॅडम त्यांच्याकडे बघतही नव्हत्या. नोकरी गेली हे त्यांच्यापर्यंत पोचलं होतं की नाही, सांगता येणार नाही. त्या मला डोळ्यांनी काहीतरी दाखवत होत्या. मी वळून पाहिलं. ज्योत्स्नाबेन खाटेवर भिंतीला पाठ टेकून बसली होती, पाय पसरून, गुडघे हवे तसे पडलेले, पदर नाही, झगा एका खांद्यावरून घसरलेला. दारात सासरा, उशाशी नवरा, समोर ओरडणारा डॉक्टर, आणि ती बोटाने डब्याच्या तळाची डाळ पुसून घेत होती.

"डाय शे का आजून?" तिने मॅडमना विचारलं.